अमेरिकेत गाडीचा इन्शुरन्स घेताना ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हर घ्यायचं का? कसं ठरवायचं?

भारतातून अमेरिकेत आलेला माणूस गाडीचा इन्शुरन्स काढताना मनात एक गोष्ट धरूनच चालतो: समोरच्याने ठोकलं तर समोरच्याची कंपनी पैसे देईल. भारतात ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि माणूस दगावला किंवा जखमी झाला तर विमा कंपनीच्या देण्याला वरची मर्यादा नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनीने द्यायची. केसला वर्षं लागतात ती गोष्ट वेगळी.

अमेरिकेत धडक देणाऱ्याने जेवढ्या लिमिटची पॉलिसी घेतली असेल तेवढे पैसे दिले की त्याची कंपनी मोकळी. त्यावरचं नुकसान त्या ड्रायव्हरच्या खिशातून वसूल करायचं. आणि जो माणूस सर्वात स्वस्त पॉलिसी घेऊन किंवा पॉलिसीशिवायच फिरतो, त्याच्या खिशात सहसा काही नसतं. कोर्टात केस जिंकाल, निकालाचा कागद हातात येईल, वसुली होणार नाही. टेक्सासमध्ये तर अशा साध्या दिवाणी देण्यापोटी माणसाचा पगारही जप्त करता येत नाही. ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ कव्हर असेल तर अशा वेळी तुमचीच कंपनी तुम्हाला पैसे देते.

अशी माणसं रस्त्यावर किती? इन्शुरन्स रिसर्च कौन्सिलच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये देशभरात १५.४ टक्के ड्रायव्हर विनाविमा होते. विमा आहे पण अपुरा आहे असे ड्रायव्हर त्यात मिळवले तर आकडा साधारण तिघांत एक असा होतो. राज्याराज्यांत फरक प्रचंड आहे. याच संस्थेच्या २०१९ च्या अंदाजात विनाविमा ड्रायव्हर मिसिसिपीत २९.४ टक्के, मिशिगनमध्ये २५.५, वॉशिंग्टन राज्यात २१.७, फ्लोरिडात २०.४, कॅलिफोर्नियात १६.६ आणि न्यू जर्सीत फक्त ३.१ टक्के होते. एडिसनवाल्यांनी हा शेवटचा आकडा वाचून लगेच पान बंद करू नये. विनाविमा माणसापेक्षा अपुऱ्या विम्याचा माणूस जास्त वेळा भेटतो, आणि तो न्यू जर्सीतही भेटतो.

आधी पॉलिसीचं पहिलं पान काढा

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा वेबसाइटवर लॉगिन करून ‘डिक्लेरेशन पेज’ डाउनलोड करा. दोन-तीन पानांचा हा कागद असतो. आयडी कार्ड नव्हे. ते पोलिसाला दाखवायचं असतं, त्यावर लिमिट नसतात. डिक्लेरेशन पेजवर प्रत्येक गाडीखाली कव्हरची नावं, शेजारी लिमिट आणि त्याच्या शेजारी सहा महिन्यांचा प्रीमियम अशी ओळीने मांडणी असते.

पहिली ओळ बहुधा ‘बॉडिली इंज्युरी लायबिलिटी’ची असते, समजा १००/३००. म्हणजे तुमच्या चुकीने कुणी जखमी झालं तर कंपनी एका माणसाला जास्तीत जास्त १ लाख डॉलर आणि पूर्ण अपघाताला मिळून ३ लाख डॉलर देईल. हे पैसे दुसऱ्यांसाठी आहेत. ‘प्रॉपर्टी डॅमेज लायबिलिटी’ हीसुद्धा दुसऱ्याच्या गाडीसाठी. ‘कोलिजन’ आणि ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ तुमच्या पत्र्यासाठी. आता खाली सरकत ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ आणि ‘अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट’ शोधा. कागदावर ते यूएम आणि यूआयएम असे दिसतील, किंवा यूएमबीआय (शारीरिक दुखापतीसाठी) आणि यूएमपीडी (गाडीच्या नुकसानासाठी). चूक दुसऱ्याची असताना तुम्हाला, तुमच्या बायकोला किंवा नवऱ्याला, मुलांना शारीरिक दुखापतीपोटी किती पैसे मिळू शकतात, हे तुमच्या हातात असलेली बहुतेक एकमेव ओळ ठरवते, ती ही. तिथे ‘रिजेक्टेड’ किंवा ‘नॉट इन्क्लुडेड’ असेल, किंवा ओळच नसेल, तर पुढचं नीट वाचा.

आपल्या मंडळींत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: “अहो, आमचा फुल कव्हर आहे, एजंटनेच सांगितलंय.” कायद्यात ‘फुल कव्हर’ नावाचं काही नाही. लायबिलिटी, कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह एकत्र असलं की त्याला बोलण्यात फुल कव्हर म्हणतात. त्यात यूएम असेलच असं नाही. असलं तरी बऱ्याचदा राज्याच्या किमान आकड्याएवढं असतं.

यूएम, यूआयएम आणि त्यातली गंमत

यूएम दोन प्रसंगी कामाला येतं: चूक असलेल्या ड्रायव्हरकडे विमाच नाही तेव्हा, आणि ठोकून पळून गेलेल्याचा पत्ता लागत नाही तेव्हा. यूआयएम लागू होतं ते त्याच्याकडे विमा आहे पण पुरत नाही तेव्हा. काही राज्यांत दोन्ही एकत्रच विकतात, काहींत वेगळे. वॉशिंग्टन राज्यात दोन्ही गोष्टी यूआयएम या एकाच नावाखाली येतात, त्यामुळे सिएटलच्या पॉलिसीत यूएम दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

यातून काय मिळतं? हॉस्पिटलचं बिल, पुढे चालू राहणारे उपचार, बुडालेला पगार, कायमचं अपंगत्व, वेदनेची भरपाई, मृत्यू झाल्यास वारसांना रक्कम. चूक असलेल्या ड्रायव्हरकडून कायद्याने जे मिळायला हवं होतं, ते तुमच्या लिमिटपर्यंत तुमची कंपनी देते. कव्हर गाडीपुरतं नसतं. तुम्ही फुटपाथवरून चालत असाल, सायकलवर असाल, मित्राच्या गाडीत मागे बसला असाल, तरी सहसा लागू होतं.

आता यूआयएमचा हिशेब. इथे राज्यानुसार दोन पद्धती आहेत आणि एजंट आपण होऊन हे क्वचितच समजावतो. पहिल्या पद्धतीत समोरच्याकडून मिळालेली रक्कम तुमच्या यूआयएम लिमिटमधून वजा होते. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी या गटात. दुसऱ्या पद्धतीत तुमचं यूआयएम त्याच्या पैशांच्या वर मिळतं. व्हर्जिनियात १ जुलै २०२३ पासून नव्या आणि नूतनीकरण झालेल्या पॉलिसींना हीच पद्धत आपोआप लागू आहे.

उदाहरणाने बघू. समजा सॅन होजेत सिग्नल तोडून आलेल्या गाडीने तुम्हाला बाजूने ठोकलं. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चार महिने काम बंद. सगळं मिळून नुकसान २ लाख २० हजार डॉलर धरा. समोरच्याकडे राज्याचं किमान लिमिट, म्हणजे ३०/६०. त्याच्या कंपनीने तुम्हाला ३० हजार दिले. तुमचं स्वतःचं यूआयएमही ३०/६० असेल तर तुमच्या कंपनीकडून मिळतील शून्य डॉलर, कारण ३० मधून ३० गेले. लिमिट १००/३०० असेल तर ७० हजार मिळतील, एकूण १ लाख. आणि २५०/५०० असेल तर उरलेले १ लाख ९० हजार पूर्ण मिळू शकतात.

म्हणजे कॅलिफोर्नियात किमान आकड्याचं यूआयएम हे जवळजवळ शोभेचं कव्हर आहे. यूएम भाग तरी ३० हजारांपुरता उपयोगी पडेल, पण अपुऱ्या विम्याच्या माणसापुढे त्याचा काही उपयोग नाही. हाच अपघात फेअरफॅक्समध्ये झाला, समोरच्याकडे व्हर्जिनियाचं किमान ५०/१०० आणि तुमच्याकडे १००/३०० असेल, तर ५० हजार अधिक १ लाख असे दीड लाख हाती येऊ शकतात.

लिमिटचा दुसरा आकडाही बघा. गाडीत चौघे असतील तर ३०/६० मधले ६० हजार हे चौघांत मिळून आहेत.

तुमच्या राज्याचा नियम कुठला?

सगळ्या पन्नास राज्यांची जंत्री इथे देत नाही. आपली मंडळी जिथे जास्त आहेत त्यांचं सांगतो.

न्यू जर्सीत ‘स्टँडर्ड’ पॉलिसीत यूएम सक्तीचं आहे. लायबिलिटीचं किमान लिमिट १ जानेवारी २०२३ पासून २५/५० झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून ३५/७०. पण तिथे ‘बेसिक’ नावाची स्वस्त पॉलिसीही मिळते आणि तिच्यात यूएम मुळीच नाही. नवीन आलेले विद्यार्थी नेमके त्यात अडकतात, कारण ऑनलाइन तुलना केली की तीच वर दिसते.

न्यूयॉर्कमध्ये २५/५० यूएम सक्तीचं आहे, पण ते राज्याच्या हद्दीतल्या अपघातांपुरतं. क्वीन्समध्ये राहणारा माणूस दर शनिवारी नदी ओलांडून एडिसनला वाणसामान आणायला जात असेल तर त्याला ‘सम’ नावाचं पूरक कव्हर हवं. राज्याबाहेरचा अपघात आणि समोरच्याचा अपुरा विमा, दोन्ही त्यात येतं. इलिनॉयमध्ये यूएम सक्तीचं, पण किमान तेच २५/५०. मॅसॅच्युसेट्समध्ये यूएम सक्तीचं, यूआयएम ऐच्छिक.

टेक्सास आणि कॅलिफोर्नियात कंपनीला हे कव्हर देऊ करावंच लागतं आणि नको असेल तर तुम्ही लेखी नकार द्यायचा. मिशिगनमध्ये सक्ती नाही. फ्लोरिडाची गोष्ट सर्वात वाईट: तिथे बहुतेक ड्रायव्हरांना बॉडिली इंज्युरी लायबिलिटी घेण्याची सक्तीच नाही. १० हजारांचं स्वतःचं पीआयपी (चूक कुणाचीही असो, स्वतःच्या उपचारांना पैसे देणारं कव्हर) आणि १० हजारांचं प्रॉपर्टी डॅमेज घेतलं की कागदपत्रं कायदेशीर. म्हणजे टँपात तुम्हाला ठोकणारा माणूस पूर्ण कायदेशीर असूनही तुमच्या हाडांसाठी त्याच्याकडे एक डॉलरचा विमा नसू शकतो. फ्लोरिडात राहून यूएम नाकारणं मला तरी समजत नाही. व्हर्जिनियात पूर्वी ५०० डॉलर फी भरून विम्याशिवाय गाडी चालवता यायची, ती सोय १ जुलै २०२४ ला बंद झाली. न्यू हॅम्पशरमध्ये आजही सरसकट सक्ती नाही.

“पण माझा हेल्थ इन्शुरन्स उत्तम आहे”

यूएम न घेण्याचं सर्वात जास्त ऐकू येणारं कारण हे. आयटीत नोकरी, कंपनीचा चांगला प्लॅन, मग दुहेरी पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू.

हेल्थ इन्शुरन्स डॉक्टरांना आणि हॉस्पिटलला पैसे देतो, तेही डिडक्टिबल (आधी तुम्ही भरायची रक्कम) आणि को-इन्शुरन्स (त्यानंतरच्या बिलातला तुमचा हिस्सा) तुमच्याकडून घेऊन. बुडालेला पगार देत नाही. कंपनीची शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी असते, पण ती पगाराचा काही हिस्सा आणि ठराविक आठवडेच देते. हात कायमचा अर्धवट राहिला, पूर्वीसारखं काम जमत नाही, त्याची भरपाई हेल्थ इन्शुरन्स करत नाही. घरात मूल सांभाळणारी व्यक्ती जखमी झाली तर पगार बुडत नाही, म्हणून डिसॅबिलिटीचं कव्हरही नसतं. पण डे-केअर, स्वयंपाक, गाडी चालवणं हे सगळं पैसे देऊन करून घ्यावं लागतं. एच-४ वर घरी असलेल्या जोडीदाराच्या बाबतीत हे नेहमी विसरलं जातं.

एच-१बी वाल्यांसाठी आणखी एक. दुखापतीमुळे नोकरीच सुटली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि नोकरीबरोबर हेल्थ इन्शुरन्सही जातो. यूएममुळे व्हिसाचा प्रश्न सुटत नाही, पण त्या काळात हातात पैसा असण्याने निवड करायला जागा राहते.

आणि एक बारीक अक्षरातली गोष्ट: अपघाताचे पैसे तुम्हाला मिळाले की हेल्थ इन्शुरन्स कंपनी आपण भरलेलं बिल त्यातून परत मागू शकते. म्हणून यूएमचं लिमिट ठरवताना ‘बिल तर हेल्थवाले भरतील’ असं म्हणून ते पूर्ण वजा करू नका.

पीआयपी किंवा मेडपे (गाडीच्या पॉलिसीतलं उपचार खर्चाचं कव्हर) आहे म्हणून यूएम नको, हेही तितकंच अर्धवट. पीआयपी चूक कुणाचीही असो लगेच पैसे देतं, हे त्याचं मोठं काम. न्यू जर्सीत ते अडीच लाखांपर्यंत घेता येतं आणि तिथे मी ते कमी करायला सांगणार नाही. पण त्यात वेदनेची भरपाई नाही.

मग कुणाला कमी चालेल? एकटा माणूस, कुणी अवलंबून नाही, गाडी महिन्यातून दोनदा निघते, हेल्थ आणि लाँग टर्म डिसॅबिलिटी दोन्ही भक्कम, बँकेत वर्षभराचा खर्च बाजूला. असा माणूस कमी लिमिटवर राहिला तर मी वाद घालणार नाही. पूर्ण नकार मात्र त्यालाही सुचवणार नाही. ज्यांना सर्वात जास्त गरज आहे ते नेमके उलट टोकाचे: जुनी कोरोला घेतलेला एमएसचा विद्यार्थी, गाडी चार हजारांची म्हणून फक्त लायबिलिटी घेतलेली. गाडीची किंमत कमी आहे म्हणून पाठीच्या कण्याची किंमत कमी होत नाही.

किती लिमिट घ्यायचं

बहुतेक ठिकाणी यूएमचं लिमिट तुमच्या स्वतःच्या बॉडिली इंज्युरी लायबिलिटीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे आधी लायबिलिटी वाढवावी लागते. तसंही घर, ४०१के, शेअर्स जमले असतील तर किमान लायबिलिटीवर फिरणं धोक्याचंच आहे. माझं मत विचाराल तर कुटुंब असेल तर १००/३०० हा तळ आणि जमेल तिथे २५०/५००, दोन्ही ओळींवर सारखंच. दुसऱ्यासाठी अडीच लाख आणि स्वतःच्या मुलांसाठी ३० हजार अशी पॉलिसी आपल्या बऱ्याच घरांत निघते, कारण कुणी त्या ओळीकडे बघितलेलंच नसतं.

काही राज्यांत ‘स्टॅकिंग’ मिळतं. दोन गाड्या असतील तर दोन्हींची यूएम लिमिट एकावर एक रचता येतात. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात हा पर्याय फॉर्मवरच विचारतात. प्रीमियम थोडा जास्त असतो. दोन गाड्यांच्या घराने किमान कोट तरी मागावा.

अंब्रेला पॉलिसी (लायबिलिटीच्या वरचं जादा कव्हर) असलेल्यांनो, ती दहा लाखांची छत्री साधारणपणे तुम्ही दुसऱ्याला केलेल्या नुकसानासाठी उघडते. दुसऱ्याने तुम्हाला केलेल्या नुकसानासाठी उघडत नाही, जोवर त्यावर यूएमचं वेगळं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) नसेल. सगळ्या कंपन्या ते विकत नाहीत. विचारून बघा, आणि मिळत असेल तर किंमत बघून ठरवा.

गाडीच्या पत्र्याचा भाग: यूएमपीडी

इथे मी कंजूष आहे. कोलिजन कव्हर असेल तर विनाविमा माणसाने ठोकल्यावरही तुमची गाडी दुरुस्त होते, फक्त डिडक्टिबल जातं. त्यामुळे यूएमपीडीचा फायदा मुख्यतः तेवढ्या डिडक्टिबलपुरता. टेक्सासमध्ये यूएमपीडीचं डिडक्टिबल २५० डॉलर असतं. तुमचं कोलिजनचं १,००० असेल तर फरक पडतो, ५०० असेल तर फारसा नाही. कॅलिफोर्नियात यूएमपीडीची कमाल मर्यादाच ३,५०० डॉलर आहे आणि ठोकून पळालेल्याची ओळख पटली नाही तर तेही मिळत नाही. कोलिजन असलेल्यांसाठी तिथे ‘कोलिजन डिडक्टिबल वेव्हर’ मिळतं, ते स्वस्त असेल तर घ्या. कोलिजन काढून टाकलेल्या जुन्या गाडीला मात्र यूएमपीडी कामाचं.

कोट कसा मागायचा

‘यूएम वाढवलं तर किती लागतील?’ असं मोघम विचारू नका. तीन कोट लेखी मागा, सहा महिन्यांच्या प्रीमियमसकट: आत्ता आहे तसं, लायबिलिटी आणि यूएम-यूआयएम दोन्ही १००/३००, दोन्ही २५०/५००. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायला सांगा, नाहीतर डिडक्टिबल बदलून आकडा सुंदर करून देतात. मग प्रत्येक ओळीचा फरक वेगळा मागा, कारण वाढीतला काही भाग लायबिलिटीचा असतो.

फरक खिशाला जड वाटला तर पैसे कुठून काढायचे? माझं उत्तर: कोलिजनचं डिडक्टिबल ५०० वरून १,००० करा, रेंटल कार आणि टोइंगच्या ओळी बघा. ५०० डॉलरचा फटका तुम्ही क्रेडिट कार्डावर सोसू शकता, दोन लाखांचा नाही. तेवढ्यावरही भागत नसेल तर दुसऱ्या कंपनीकडे तेच तीन कोट मागा. एकाच माणसाला एकाच लिमिटसाठी दोन कंपन्या फार वेगळे आकडे सांगतात.

एजंटला आणखी हे विचाराच, आणि उत्तर ई-मेलवर घ्या: आमच्या राज्यात यूआयएममधून समोरच्याचे पैसे वजा होतात का? ठोकून पळालेल्या गाडीचा आमच्या गाडीला प्रत्यक्ष स्पर्श व्हायलाच हवा का? कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये स्पर्शाची अट आहे. म्हणजे कुणी लेनमध्ये घुसलं, तुम्ही वाचवायला गेलात आणि कठड्यावर आदळलात, तो निघून गेला, तर यूएम अडू शकतं. आणि घरातली एखादी गाडी दुसऱ्या स्वस्त पॉलिसीवर किंवा पॉलिसीशिवाय आहे का? स्वतःच्या मालकीच्या पण या पॉलिसीवर नसलेल्या गाडीत अपघात झाला तर बऱ्याच पॉलिसी यूएम देत नाहीत.

ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. पैसे भरून झाले की ई-सहीसाठी वीस-पंचवीस पानांचा गठ्ठा येतो. पिवळं बटण ‘पुढची सही’, ‘पुढची सही’ म्हणत खाली नेतं. त्यातलंच एक पान यूएम नाकारल्याचं किंवा कमी लिमिट घेतल्याचं असतं. स्क्रीनवर तुम्ही स्वस्त पर्याय निवडला होता त्याचा तो लेखी पुरावा. नंतर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायला ती सही जागा ठेवत नाही. त्या पानावर थांबा, आकडे वाचा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर

तुमच्या गाडीत बसलेले असताना ते प्रवासी म्हणून सहसा तुमच्या यूएममध्ये येतात. ही मोठी गोष्ट आहे, कारण त्यांना मेडिकेअर नसतं आणि व्हिजिटर इन्शुरन्सचे फिक्स्ड बेनिफिट प्लॅन प्रत्येक उपचाराला ठरलेली छोटी रक्कमच देतात. पण संध्याकाळी ते दोघे सबडिव्हिजनमध्ये फेरी मारायला गेले आणि तिथे कुणी ठोकलं, तर प्रश्न येतो तुमच्या घरातले ‘रहिवासी नातेवाईक’ म्हणून ते धरले जातात की नाही. पॉलिसीची व्याख्या आणि राज्याचा कायदा यावर ते ठरतं. तिकीट काढल्यावर एजंटला एक ई-मेल टाका: आई-वडील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत राहायला येत आहेत, पायी चालताना ते यूएममध्ये येतील का? कॉलेजला गेलेल्या मुलाबद्दलही हाच प्रश्न विचारा.

उबरबद्दलही थोडं. प्रवासी म्हणून बसल्यावर उबरच्या कव्हरवर पूर्ण विसंबू नका. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून राइडशेअर कंपन्यांना ठेवावं लागणारं यूएम-यूआयएम १० लाख डॉलरवरून खाली आणून एका माणसाला ६० हजार आणि एका अपघाताला ३ लाख केलं आहे. सॅन फ्रान्सिस्को विमानतळाला जाताना तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतलं यूएम त्यामुळेच जास्त महत्त्वाचं झालं. फावल्या वेळात उबर किंवा डोअरडॅश चालवणाऱ्यांनी आपल्या कंपनीला ते सांगितलंच पाहिजे. खासगी पॉलिसी अशा वेळी हात वर करते.

आणि अपघात झालाच तर

९११ लावा, पोलिस रिपोर्ट करून घ्या. ‘राहू दे, आपापसात मिटवू, कॅश देतो’ म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा विमा नसतो. नंबर प्लेट, त्याचं लायसन्स, विमा कार्ड यांचे फोटो काढा; कार्ड मुदतबाह्य असतं तेव्हा ते फोटोवरच कळतं. ठोकून पळाला असेल तर कॅलिफोर्नियात २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते, इतर राज्यांतही उशीर नडतो. डॅशकॅमचं कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर नवीन रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं.

स्वतःच्या कंपनीला यूएम किंवा यूआयएमचा दावा लागू शकतो हे लवकर आणि लेखी कळवा. एक चूक इथे फार महागात पडते: समोरच्याची कंपनी ‘३० हजार घ्या आणि सही करा’ म्हणते, माणूस खुश होऊन सही करतो, आणि मग यूआयएम मागायला गेल्यावर स्वतःची कंपनी म्हणते, आमची संमती न घेता तुम्ही त्याला मोकळं केलंत. समोरच्याकडून पूर्ण लिमिटचा प्रस्ताव आला की तो आधी तुमच्या कंपनीकडे पाठवायचा, त्यांची लेखी संमती घ्यायची, मगच सही.

कंपनी तुमचीच असली तरी या दाव्यात ती पैसे देणाऱ्या बाजूला बसलेली असते. ज्या अ‍ॅडजस्टरने (दावा तपासणाऱ्या कंपनीच्या माणसाने) तुमची बंपर दुरुस्ती हसतमुखाने मंजूर केली, तोच इथे पाठदुखी जुनी होती का हे विचारेल. रेकॉर्ड केलेला जबाब मागितला तर ‘उपचार कसे चाललेत ते स्पष्ट होऊ दे, मग देतो’ असं सांगायला हरकत नाही, पण टाळत राहू नका, पॉलिसीत सहकार्याची अट असते. दुखापत गंभीर असेल, हाड मोडलं, शुद्ध हरपली, ऑपरेशन लागलं, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. असे वकील पहिली भेट सहसा फुकट देतात आणि फी मिळालेल्या रकमेतून, साधारण एक तृतीयांश, घेतात. किरकोळ मुका मार असेल तर वकिलाची गरज नाही.

एवढं सगळं एकदा ठरवून झालं तरी तीन वेळा पुन्हा बघावं लागतं: राज्य बदललं की, कारण डॅलसमधून न्यू जर्सीला गेलात तर पॉलिसीच नवी होते आणि जुनी लिमिट आपोआप येत नाहीत, घरातलं मूल १६ वर्षांचं होऊन गाडी चालवायला लागलं की, आणि प्रीमियम वाढला म्हणून नवी कंपनी धरली की. नव्या कंपनीचा कोट शंभर डॉलर स्वस्त दिसला तर आधी यूएमची ओळ जुन्या कागदाशेजारी ठेवून बघा. बऱ्याचदा ते शंभर डॉलर तिथूनच गेलेले असतात.